‘प्रेरित आहे’ असं लिहिण्याआधी: ‘मोबी-डिक’, एक बुडालेलं जहाज आणि घारापुरीचा मासा

साहित्यावरच्या संशोधनाचा कुठलाही सिनॉप्सिस उघडा, त्यात एक वाक्य बहुतेक असतंच: ‘ही कादंबरी अमुक सत्य घटनेवरून प्रेरित आहे.’ त्याच्या थोडं खाली दुसरं: ‘यातला अमुक हा तमुकाचं प्रतीक आहे.’ ही वाक्यं इतकी अंगवळणी पडली आहेत की ती लिहिताना आपण एक दावा करतोय हेच लक्षात येत नाही. व्हायवाला आलेला बाहेरचा परीक्षक मात्र नेमकं तिथंच बोट ठेवतो आणि शांतपणे विचारतो, ‘हे तुम्हाला कसं कळलं?’

माझं पदव्युत्तर शिक्षण प्राणिशास्त्रातलं. आमच्याकडे नमुना कुठून आला, कधी गोळा केला, कुणी हाताळला याची नोंद नसेल तर निष्कर्ष कितीही देखणा असो, कुणी विचारत नाही. साहित्यातल्या स्रोतांनाही हीच शिस्त लावता येते. ती लावून बघायला मी मुद्दाम हर्मन मेल्विलची ‘मोबी-डिक’ घेतली आहे. एक तर या पुस्तकामागे खऱ्या घटना, बायबल, पुराणं आणि देवमाशांचं शास्त्र असं सगळंच आहे. दुसरं म्हणजे मेल्विलने वाचलेल्या काही पुस्तकांच्या त्याच्या स्वतःच्या प्रती आजही शिल्लक आहेत. म्हणजे आपण तपासू शकतो.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट अगदी थोडक्यात. इश्मेल नावाचा तरुण नॅनटकेट बंदरातून ‘पीक्वॉड’ या देवमासे मारणाऱ्या जहाजावर चढतो. कप्तान एहॅबचा एक पाय मोबी-डिक नावाच्या पांढऱ्या स्पर्म व्हेलने तोडलेला असतो. तेल गोळा करायला निघालेलं हे जहाज एहॅब आपल्या सुडासाठी जुंपतो. शेवटी तीन दिवसांच्या पाठलागानंतर मासा जहाजच फोडतो आणि इश्मेल एकटा वाचतो. १३५ प्रकरणं आणि एक उपसंहार. पुस्तक ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कला आलं.

एसेक्स: जिथे पुरावा भक्कम आहे

२० नोव्हेंबर १८२० रोजी ‘एसेक्स’ हे नॅनटकेटचं जहाज पॅसिफिकमध्ये, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर पश्चिमेला, एका मोठ्या स्पर्म व्हेलने दोनदा धडक देऊन बुडवलं. वीस माणसं तीन होड्यांत उतरली. आठ वाचली. त्यातला फर्स्ट मेट ओवेन चेस याने १८२१ मध्ये या सगळ्याची हकीकत छापली.

आता प्रश्न: मेल्विलला ही हकीकत माहीत होती हे आपल्याला कसं कळतं? तीन वेगवेगळ्या वाटांनी. पहिली वाट खुद्द कादंबरीची. पंचेचाळिसाव्या प्रकरणात, ज्याच्या नावाचा अर्थ ‘प्रतिज्ञापत्र’ असा आहे, एसेक्सचं नाव, पोलार्ड या कप्तानाचं नाव आणि चेसच्या पुस्तकातले उतारे सरळ दिलेले आहेत. दुसरी वाट मेल्विलच्या आयुष्याची. तो स्वतः जानेवारी १८४१ मध्ये ‘अकुश्नेट’ या जहाजावर देवमाशांच्या शिकारीला गेला होता. त्या सफरीत त्याला चेसचा मुलगा भेटला, त्याने वडिलांचं पुस्तक वाचायला दिलं, असं मेल्विलने लिहून ठेवलं आहे. तिसरी वाट वस्तूची. एप्रिल १८५१ मध्ये सासरे लेम्युएल शॉ यांच्यामार्फत मेल्विलला चेसच्या पुस्तकाची स्वतःची प्रत मिळाली. तिला जोडलेल्या पानांवर त्याच्या हस्ताक्षरातल्या नोंदी आहेत.

तारखा जरा बारकाईने बघा. पुस्तक त्याने वाचलं १८४१ च्या सुमारास, समुद्रावर. प्रत हातात आली एप्रिल १८५१ मध्ये, म्हणजे कादंबरी बरीचशी लिहून झाल्यावर. त्यामुळे ‘मेल्विलने चेसचं पुस्तक समोर ठेवून मोबी-डिक लिहिली’ हे वाक्य कागदोपत्री टिकत नाही. ‘तरुणपणी वाचलेली हकीकत दहा वर्षं डोक्यात राहिली, आणि शेवटच्या टप्प्यात ती पुन्हा हाताशी आली’ हे वाक्य टिकतं. दोन्हींत ‘प्रेरणा’ आहेच, पण ती काम कशी करते याचं चित्र दोन्हींत वेगळं आहे. तुमच्या प्रबंधात दुसऱ्या प्रकारचं वाक्य हवं.

आणखी एक गंमत. कादंबरीत निवेदक सांगतो की मी ओवेन चेसला प्रत्यक्ष पाहिलंय. मेल्विलने आपल्या नोंदींतही तसंच लिहिलंय. पण चेस १८४० मध्येच समुद्रावरून कायमचा घरी परतला होता, मेल्विल निघायच्या आधी. म्हणजे ज्याला त्याने चेस समजून पाहिलं तो दुसराच कुणी कप्तान असणार. लेखकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली आठवणसुद्धा तपासावी लागते ती अशी. मुलाखती घेऊन काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

आता खरा मुद्दा. साम्य सापडलं की बहुतेक जण तिथं थांबतात. धडक देणारा मासा इथेही, तिथेही, झालं काम. मला वाटतं, संशोधन त्याच्या पुढे सुरू होतं, फरकापाशी.

चेसच्या पुस्तकात जहाज सुरुवातीलाच बुडतं. बाकीचं जवळपास सगळं पुस्तक म्हणजे त्यानंतरचे तीन महिने: उघड्या होड्या, कुजलेला पाव, संपत चाललेलं पाणी, मेलेल्या सोबत्यांचं मांस खाणं, आणि कप्तानाच्या होडीत चिठ्ठ्या टाकून त्याच्या नात्यातल्याच ओवेन कॉफिन नावाच्या पोराला मारणं. मेल्विलची कादंबरी नेमकी जहाज बुडतं तिथं संपते. म्हणजे खऱ्या घटनेतला सगळ्यात भयानक, सगळ्यात ‘विकाऊ’ भाग त्याने वापरलाच नाही. त्याने फक्त पहिली काही पानं घेतली आणि त्यांना शेवट बनवलं.

मग त्याने चेसकडून घेतलं काय? माझ्या मते, एक शंका. चेस अनुभवी खलाशी होता. त्याने लिहिलंय की माशाचं वागणं त्याला अपघातासारखं वाटलं नाही. मासा ठरवून, हिशेबाने चालून आला असं त्याला वाटलं. एका प्रत्यक्षदर्शीची ही शंका मेल्विल एहॅबच्या तोंडी देतो आणि तिचं तत्त्वज्ञान करतो. छत्तिसाव्या प्रकरणात स्टारबक म्हणतो, मुक्या जनावरावर कसला सूड? एहॅबचं म्हणणं असं की दिसणारी प्रत्येक वस्तू हा मुखवटा आहे आणि त्यामागे कुणीतरी हेतू बाळगून बसलंय. संपूर्ण कादंबरीचं भांडण इथं आहे.

कप्तानांचा फरक तर अजून बोलका. पोलार्डला होड्या सोसायटी बेटांकडे न्यायच्या होत्या. चेस आणि दुसऱ्या मेटने विरोध केला, त्या बेटांवर नरभक्षक असतील ही भीती होती. पोलार्डने त्यांचं ऐकलं. ते दक्षिण अमेरिकेकडे वळले आणि ज्याची भीती होती ते स्वतःच करून बसले. इतिहासातला कप्तान दुसऱ्यांचं ऐकून फसला. कादंबरीतला कप्तान कुणाचंच ऐकत नाही म्हणून सगळ्यांना घेऊन बुडतो. ‘एहॅब हे पोलार्डवरून घेतलेलं पात्र आहे’ असं वाचलं तर सरळ पुढे जा. मेल्विल पोलार्डला भेटला तोही पुस्तक छापून झाल्यावर, जुलै १८५२ मध्ये. तेव्हा दुसरं जहाजही गमावलेला पोलार्ड नॅनटकेटमध्ये रात्रीचा पहारेकरी होता.

(प्राणिशास्त्राच्या माणसाला इथं राहवत नाही. स्पर्म व्हेलच्या नराचं एवढं प्रचंड डोकं एकमेकांना धडका द्यायला विकसित झालं असेल का, यावर २००२ मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’त एक पेपर आला. त्याच्या शीर्षकातच एसेक्स आहे. २०१६ मध्ये ‘पीअरजे’मध्ये दुसऱ्या गटाने संगणकीय प्रतिकृती करून दाखवलं की डोक्याच्या खालच्या भागातले ऊतींचे पडदे धडकेचा ताण कमी करतात. चेसच्या शंकेचा पाठलाग दोनशे वर्षं चालू आहे तो असा.)

मोचा डिक आणि ॲन अलेक्झांडर

मे १८३९ मध्ये ‘निकरबॉकर’ या न्यूयॉर्कच्या मासिकात जेरेमाया रेनॉल्ड्सने चिलीजवळच्या मोचा बेटाच्या पाण्यात फिरणाऱ्या पांढऱ्या स्पर्म व्हेलची गोष्ट लिहिली. माशाचं नाव मोचा डिक. नाव जुळतं, रंग जुळतो, मेल्विल न्यूयॉर्कचा. इंटरनेटवर तुम्हाला हेच वाक्य शंभर ठिकाणी मिळेल की मोबी-डिक म्हणजे मोचा डिक.

पण मेल्विलने हा लेख वाचल्याचा कागदोपत्री पुरावा सापडलेला नाही. एसेक्सच्या बाबतीतल्या तीन वाटांपैकी इथं एकही नाही. उलट पंचेचाळिसाव्याच प्रकरणात तो खलाशांमध्ये प्रसिद्ध असलेल्या माशांची नावं देतो, टिमोर जॅक, न्यूझीलंड टॉम वगैरे, आणि त्यात मोचा डिक नाही. याचा अर्थ त्याला माहीत नव्हतं असाही होत नाही. देवमाशांच्या जहाजांवर अशा गोष्टी तोंडोतोंडी फिरत, मासिक न वाचताही नाव कानावर पडलं असेल. तेव्हा ‘बहुधा’ हा शब्द वापरा. ‘बहुधा’ लिहिल्याने प्रबंध कमकुवत होत नाही. एसेक्सला आणि मोचा डिकला एकाच वाक्यात, एकाच वजनाने लिहिल्याने मात्र होतो.

रंगाचं म्हणाल तर कादंबरीतला मासा पूर्ण पांढरा नाहीच. एक्केचाळिसाव्या प्रकरणात त्याचं कपाळ सुरकुतलेलं आणि पांढरं आहे, पाठीवरचा उंचवटा पांढरा आहे, बाकी अंगावर त्याच रंगाचे पट्टे आणि ठिपके आहेत. मुखपृष्ठावर दिसणारा दुधासारखा देवमासा चित्रकारांनी आपल्या डोक्यात बसवलाय.

तिसरी घटना. २० ऑगस्ट १८५१ ला ‘ॲन अलेक्झांडर’ हे जहाज पॅसिफिकमध्ये देवमाशाने बुडवलं. हे उदाहरण मी वर्गात मुद्दाम देते, तारीख न सांगता. सगळे म्हणतात, हीच प्रेरणा! मग तारीख सांगते. बातमी मेल्विलपर्यंत पोचली नोव्हेंबर १८५१ मध्ये, पुस्तक बाजारात येत असताना. त्याने मित्र एव्हर्ट डायकिंकला पत्र लिहून अर्ध्या थट्टेत विचारलं की माझ्या लेखणीनेच तर हा राक्षस जागा केला नाही ना. घटना पुस्तकाशी हुबेहूब जुळते, आणि तरीही पुस्तकावर तिचा शून्य परिणाम आहे. साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हे याहून सोप्या रीतीने मला तरी समजावता येणार नाही.

शास्त्रीय स्रोतांबद्दल थोडक्यात. थॉमस बील या डॉक्टरचं स्पर्म व्हेलवरचं १८३९ चं पुस्तक मेल्विलने जुलै १८५० मध्ये मिळवलं. त्याच्या समासातल्या खुणा आणि नोंदींसकट ती प्रत हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. देवमाशांच्या वर्गीकरणाचं बत्तिसावं प्रकरण वाचताना आमच्या शाखेच्या लोकांना हसू येतं. लिनियसने १७५८ मध्येच त्यांना सस्तन प्राण्यांत घातलं होतं, आणि इश्मेल ठामपणे सांगतो की देवमासा हा मासाच! शिवाय वर्गीकरण करतो ते पुस्तकांच्या आकारांवरून. पण १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात देवमाशाचं तेल हे माशाचं तेल ठरतं का, यावर खटला चालला होता आणि ज्यूरीने देवमासा मासा आहे असाच निर्णय दिला होता. मेल्विलचा विनोद कुठल्या मातीतला आहे ते यावरून कळतं.

पुराणकथा: नावं, आणि मग घारापुरी

बायबलच्या बाबतीत मेल्विल काही लपवत नाही. एहॅब हा इस्राएलचा राजा, खोट्या देवांच्या नादी लागलेला, खोट्या भविष्यवाद्यांनी युद्धात मरायला पाठवलेला, ज्याचं रक्त कुत्र्यांनी चाटलं. त्याला इशारे देणारा संदेष्टा एलिजा. कादंबरीतही जहाजावर चढण्याआधी इश्मेलला एलिजा नावाचाच एक फाटका माणूस अडवतो. इश्मेल म्हणजे हागारचा मुलगा, घराबाहेर काढलेला. इस्लामी परंपरेत तोच इस्माईल आदराचा पैगंबर आहे, हे आपल्याकडच्या वाचकाला आपोआप आठवतं. मेल्विलच्या पहिल्या वाचकांना ते आठवलं असेल असं नाही. देवमाशाच्या पोटात गेलेल्या योनाची गोष्ट तर नवव्या प्रकरणात अख्ख्या प्रवचनातून येते. इथं स्रोत सिद्ध करायची गरजच नाही. काम एवढंच की नाव घेतल्यावर गोष्ट कुठं वळवली ते पाहायचं. उदाहरणार्थ, योना शेवटी देवाचं ऐकतो. एहॅब ऐकत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. पंचावन्नाव्या प्रकरणात मेल्विल देवमाशांच्या चुकीच्या चित्रांची खिल्ली उडवतो आणि सांगतो की देवमाशाचं सर्वांत जुनं चित्र भारतात, एलिफंटाच्या लेण्यात आहे: भिंतीच्या एका भागात विष्णूचा मत्स्यावतार, अर्धा माणूस, अर्धा देवमासा. वर तक्रारही करतो की शेपूट चुकलीय, देवमाशाच्या रुंद शेपटीऐवजी अजगरासारखी निमुळती दिसते.

तुमच्यापैकी कितीतरी जण गेटवेवरून लाँचने घारापुरीला गेले असतील. आठवून बघा. मुख्य लेणं शैव आहे. सदाशिवाची त्रिमूर्ती, अर्धनारीश्वर, गंगाधर, कल्याणसुंदर, रावणानुग्रह, अंधकासुरवध, नटराज. विष्णू काही पटांत कडेला, गरुडावर दिसतो. मत्स्यावताराचा पट तिथं नाही. मेल्विल भारतात कधी आलाच नव्हता. ही माहिती त्याला थॉमस मॉरिससारख्या इंग्रज लेखकांच्या हिंदुस्थानविषयक ग्रंथांतून आणि त्यातल्या चित्रांतून मिळाली असं अभ्यासक मानतात. त्याने एका छापील चित्रावर टीका केली, आणि ते चित्र मनाने नेऊन घारापुरीच्या भिंतीवर टांगलं.

चूक म्हणून हे सोडून देऊ नका. ब्याऐंशीव्या प्रकरणात तो पुन्हा विष्णूकडे येतो. पर्सियस, सेंट जॉर्ज, हर्क्युलिस, योना यांच्यासोबत विष्णूलाही देवमासे मारणाऱ्यांच्या मंडळात सामील करतो, कारण त्याने देवमाशाचं रूप घेऊन समुद्राच्या तळातून वेद वर आणले. आपल्याकडच्या कथेत तो मासा आहे. शंखासुराकडून वेद सोडवतो, किंवा प्रलयात मनूची नाव शिंगाला बांधून ओढतो. थोडक्यात, आपल्याकडे मासा तारणारा आहे आणि एहॅबच्या डोळ्यांत मासा हाच दुष्टाचा अवतार. मेल्विलने दोन्ही एकाच पुस्तकात ठेवले. एच. बी. कुलकर्णी यांनी १९७० मध्ये मोबी-डिकला हिंदू अवतार म्हणून वाचणारा अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या आधी, १९६३ मध्ये एच. ब्रूस फ्रँकलिन यांनी याच माशामागे इजिप्तच्या ओसायरिस आणि टायफनची कथा दाखवली होती. मासा एकच, पुराणं दोन. दोघांचेही उतारे पुस्तकातलेच आहेत. प्रश्न असा विचारावा लागतो की हे पुराण कादंबरीच्या किती पानांवर आणि कोणत्या पात्राच्या तोंडी काम करतं. विष्णू इश्मेलच्या थट्टेखोर प्रकरणांत येतो, एहॅबच्या संतापात येत नाही. मला हा फरक मोठा वाटतो.

भारताशी अजून एक धागा आहे, तो कमी सुखाचा. एहॅबचा गूढ सोबती फेडल्ला. मेल्विल त्याला पारशी म्हणतो. नाव अरबी वळणाचं, केसांचा पागोट्यासारखा बुचडा, हातात जणू सैतानाची सूत्रं. ज्या काळात हे लिहिलं गेलं त्या काळात मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी कारागीर इंग्रजांच्या आरमाराची जहाजं बांधत होते. त्यांनी बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये तरंगतंय. समुद्राशी पारशांचा खरा संबंध असा होता, आणि कादंबरीत आली ती अग्नीभोवतीची धूसर भीती. तसंच ‘पीक्वॉड’ या नावाचं. ते मॅसॅच्युसेट्सच्या बाजूच्या पीक्वॉट या मूळ रहिवासी जमातीचं नाव. निवेदक म्हणतो, ही जमात आता नामशेष झालीय. ती नामशेष झालेली नव्हती. १६३६ ते १६३८ च्या युद्धात तिची कत्तल झाली, पण माणसं उरली, आणि कनेटिकटमधल्या मॅशनटकेट पीक्वॉटांना १९८३ मध्ये अमेरिकी सरकारने मान्यता दिली. ‘पीक्वॉड हे विनाशाचं प्रतीक’ असं लिहिताना, जिवंत माणसांना मेलेलं धरून हे प्रतीक उभं राहिलंय हेही त्याच परिच्छेदात लिहायला हवं.

प्रतीक: नाण्याचं प्रकरण

‘पांढरा देवमासा कशाचं प्रतीक आहे?’ पेपरात येणारा हा प्रश्न मला आवडत नाही, कारण पुस्तक स्वतःच त्याची चेष्टा करतं. नव्याण्णवावं प्रकरण जरूर वाचा. मासा पहिल्यांदा दिसेल त्याला बक्षीस म्हणून एहॅबने डोलकाठीला इक्वेडोरचं सोन्याचं नाणं ठोकलंय. त्यावर तीन शिखरं: एकावर ज्वाळा, एकावर बुरूज, एकावर आरवणारा कोंबडा. एकेक जण येऊन ते बघतो. एहॅबला तिन्ही शिखरांत एहॅबच दिसतो. स्टारबकला त्रिमूर्ती परमेश्वर दिसतो. स्टब पंचांग काढून राशी जुळवतो. फ्लास्कला सोळा डॉलर दिसतात, दोन सेंटला एक या भावाने ९६० सिगार. (गणित करून बघा, ८०० होतात. फ्लास्क कच्चा की मेल्विल, हे ठरवायला पुस्तकात काही नाही.) शेवटी वेडा झालेला पोरगा पिप येतो आणि व्याकरणातली रूपं घोकावीत तसं ‘बघणे’ हे क्रियापद चालवत सुटतो.

तेव्हा वाक्य असं बांधा: अमुक पात्राला, अमुक प्रकरणात, अमुक कारणाने या वस्तूत हे दिसतं. देवमासा एहॅबसाठी मुखवटा आहे. स्टारबकसाठी मुका प्राणी आणि काही पिंप तेल. इश्मेलसाठी, बेचाळिसाव्या प्रकरणात, तो पांढऱ्या रंगाची भीती आहे, ज्या रंगाला पावित्र्यही चिकटलंय आणि प्रेताची फिकटाईही. तिघं एकाच जहाजावर आहेत आणि तिघांच्या वाचनाची किंमत सगळ्या खलाशांना चुकवावी लागते, कारण हुकूम एकाच्याच हातात आहे.

‘लेखकाला काय म्हणायचं होतं?’ असं विचाराल तर त्याचीही साक्ष सरळ नाही. पंचेचाळिसाव्या प्रकरणात निवेदक बजावतो की मोबी-डिकला रूपककथा समजू नका. जानेवारी १८५२ मध्ये सोफिया हॉथॉर्नला लिहिलेल्या पत्रात मेल्विल म्हणतो की पुस्तकाचा रूपक म्हणून अर्थ लागू शकेल अशी अंधूक कल्पना लिहिताना होती, पण भागाभागांतलं रूपक तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे नॅथॅनियल हॉथॉर्नच्या, पत्रानंतर आपल्याला दिसलं. म्हणजे लेखकालाही काही अर्थ वाचकाने दाखवले. पुढच्या वाचकांनी आपापला काळ घेऊन ते बदलले. १९२३ मध्ये डी. एच. लॉरेन्सला या माशात गोऱ्या वंशाचं रक्तातलं अस्तित्व दिसलं. १९५३ च्या पुस्तकात सी. एल. आर. जेम्सला एहॅबमध्ये हुकूमशहा दिसला आणि खरे नायक साधे खलाशी वाटले. जेम्सने ते लिहिलं एलिस बेटावर, अमेरिकी सरकारच्या अटकेत असताना. असे अर्थ उद्धृत करताना वर्ष आणि जागा सोबत लिहायची सवय लावून घ्या.

जाता जाता एक कामाची गोष्ट: तुमच्या हातात कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा. लंडनच्या पहिल्या आवृत्तीत उपसंहार नव्हता. इश्मेल वाचल्याचं त्यातच सांगितलंय, त्यामुळे तिथल्या काही समीक्षकांनी तक्रार केली की सगळे मेले तर ही गोष्ट सांगतंय कोण? टीका त्यांच्या समोरच्या पुस्तकापुरती बरोबर होती. आणि १९४१ मध्ये एफ. ओ. मॅथिसन या मोठ्या समीक्षकाने मेल्विलच्याच ‘व्हाइट-जॅकेट’ या समुद्रकादंबरीतल्या ‘मळलेला’ अशा अर्थाच्या एका विशेषणावर केवढं सुंदर विवेचन केलं होतं! मेल्विलचा शब्द होता ‘कॉइल्ड’, म्हणजे वेटोळं घातलेला. मॅथिसनच्या हातातल्या आवृत्तीत जुळाऱ्याने एक अक्षर बदललं होतं आणि तिथं ‘सॉइल्ड’ छापलं होतं. आठ वर्षांनी कुणीतरी जुनी प्रत उघडून पाहिली तेव्हा ते उघडकीला आलं. ‘मोबी-डिक’साठी १९८८ ची नॉर्थवेस्टर्न-न्यूबेरी आवृत्ती वापरा. पाठभेद मागे दिलेले आहेत.